भाव शुल्क ठरवते, दर्जा आपण तपासायचा

हंगामात लातूरच्या मार्केट यार्डात किंवा नांदेडच्या नव्या मोंढ्यात सोयाबीन घालून निघालेला शेतकरी परतीच्या वाटेवर घरचा बाजार करतो. पिशवीत तेलाचे पाकीट असते, तूरडाळ असते. दिवाळी जवळ आली असेल तर लेकरांसाठी खेळणे, मोबाइलचा चार्जर आणि दिव्यांची माळही असते. सकाळी त्याने जे विकले आणि दुपारी जे विकत घेतले, त्या दोन्हींच्या भावात दिल्लीहून निघालेल्या एखाद्या अधिसूचनेचा वाटा असतो. ती अधिसूचना असते आयात शुल्काची.

आपल्याकडे विकणारा आणि घेणारा बहुतेक वेळा एकाच घरात राहतात. तेलावरचे शुल्क वाढले की सोयाबीनला आधार मिळेल अशी आशा वाटते आणि महिन्याचा किराणाही महागतो. शुल्क घटले की उलटे होते. त्यामुळे शुल्काची बातमी नीट वाचता येणे ही आता घरखर्चाची गरज झाली आहे. ती वाचताना एक गोष्ट पक्की धरावी. शुल्कामुळे माल महाग किंवा स्वस्त होतो, चांगला किंवा वाईट होत नाही. भारी शुल्क भरून आलेला माल निकृष्ट असू शकतो आणि शुल्काविना आलेला माल उत्तम असू शकतो. भावाचा प्रश्न बंदरावर आणि दिल्लीत ठरतो. दर्जाचा प्रश्न मात्र दुकानाच्या फळीवर, पाकिटाच्या मागच्या बाजूला आणि आपल्या हातातल्या बिलावर सोडवावा लागतो.

शुल्काचा आकडा कसा वाचावा

सीमेवरची जकात आपल्या मुलखाला नवी नाही. १९४८ पूर्वी लातूर-नांदेडचा हा सगळा भाग हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा संस्थानात येणाऱ्या मालावर करोडगिरी नाक्यावर पैसे भरावे लागत. आज ती वसुली न्हावा-शेवा, मुंद्रा, कांडला अशा बंदरांवर होते आणि तिचे तीन भाग असतात. पहिला मूळ सीमाशुल्काचा. दुसरा काही मालावर लागणाऱ्या कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकराचा. तिसरा या दोन्हींच्या बेरजेवर १० टक्के लागणाऱ्या समाजकल्याण अधिभाराचा.

खाद्यतेलाचे उदाहरण घेऊ. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर २० टक्के मूळ शुल्क लागू झाले. त्यात ५ टक्के उपकर आणि या २५ टक्क्यांवरचा अडीच टक्के अधिभार मिळवला की एकूण २७.५ टक्के होतात. ३० मे २०२५ रोजी मूळ शुल्क १० टक्क्यांवर आले. मग हिशेब १० अधिक ५ अधिक दीड, म्हणजे १६.५ टक्के. शुद्ध केलेल्या, म्हणजे रिफाइंड तेलावरचा एकूण भार मात्र ३५.७५ टक्के तसाच ठेवला, कारण कच्चे तेल आणून ते शुद्ध करण्याचे काम देशातच व्हावे हा हेतू होता.

समजा बंदरात उतरलेल्या कच्च्या तेलाची किंमत किलोला १०० रुपये धरली. पहिल्या दराने त्यावर २७ रुपये ५० पैसे लागत, दुसऱ्या दराने १६ रुपये ५० पैसे. किलोमागे फरक ११ रुपयांचा. अशा बातमीत एका ठिकाणी '२० टक्के' छापले जाते आणि दुसऱ्या ठिकाणी '२७.५ टक्के'. दोन्ही बरोबर असतात. पहिला आकडा मूळ शुल्काचा, दुसरा एकूण भाराचा. आपल्या खिशाला लागतो तो एकूण भार, म्हणून तोच लक्षात ठेवावा.

दुसरी गोष्ट तारखेची. नवे शुल्क बंदरावर पुढे येणाऱ्या मालाला लागते. टाक्यांत, गोदामांत आणि दुकानांत आधीपासून असलेला माल जुन्या दराने आलेला असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क वाढल्यावर केंद्र सरकारने तेल कंपन्यांना हेच सांगितले होते: जुन्या शुल्कातला सुमारे ३० लाख टन साठा देशात आहे, तो दीड महिना पुरेल, तोवर छापील किमती वाढवू नका. म्हणून शुल्कवाढीच्या दुसऱ्याच दिवशी दुकानदाराने 'भाव वाढले' म्हटले तर पाकिटावरची कमाल किरकोळ किंमत आणि पॅकिंगची तारीख पाहा. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणे बेकायदेशीर आहे, शुल्क कितीही वाढलेले असो.

तेलाचे शुल्क वाढले, मग सोयाबीन का वाढले नाही?

हा प्रश्न २०२४ च्या हंगामात लातूर, उदगीर, अहमदपूर, देगलूर अशा प्रत्येक आडत बाजारात विचारला गेला. शुल्क वाढले सप्टेंबरमध्ये आणि काढणी झाली ऑक्टोबरमध्ये. तरी सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच राहिले. कारण सोयाबीनच्या पोटातच आहे. एका क्विंटलमधून साधारण १८ किलो तेल निघते आणि ८० किलोच्या आसपास पेंड, जिला व्यापारात डीओसी म्हणतात. तेलावरचे शुल्क त्या १८ किलोंना आधार देते. उरलेल्या पेंडीचा भाव कोंबडीखाद्याची मागणी आणि परदेशातली विक्री यांवर ठरतो. तिथे ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या स्वस्त पेंडीशी गाठ असते. शिवाय मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना उरणारे प्रथिनयुक्त खाद्य देशातच स्वस्तात मिळू लागले आहे. पेंड पडली की तेलाचे शुल्क एकटे सोयाबीनला उचलू शकत नाही.

पेंडीचा जोर २०२१ मध्ये उलट दिशेने दिसला होता. त्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजार रुपयांच्या घरात गेले. कोंबडीपालकांनी ओरड केल्यावर केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवे पीक येईपर्यंत भाव उतरला.

तुरीचे गणित वेगळे आहे. तिथे शुल्कापेक्षा आयातीचे वेळापत्रक महत्त्वाचे. मे २०२१ पासून तुरीची आयात खुली झाली आणि ही सवलत दर वेळी वाढवत जानेवारी २०२५ मध्ये ती ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली गेली. मोझांबिक, मलावी, टांझानियाची तूर साधारण ऑगस्टनंतर काढणीला येते आणि आपल्या नव्या तुरीच्या आधी जहाजांतून इथे पोहोचते. म्यानमारची तूर आपल्या तुरीच्या मागोमाग निघते. म्हणजे आपली तूर डिसेंबर-जानेवारीत बाजारात येते तेव्हा गोदामांत आफ्रिकेचा माल असतो आणि पुढच्या दोन महिन्यांत म्यानमारचा येणार असतो. लातूरच्या दालमिलवाल्याला हे वेळापत्रक पाठ असते. शेतकऱ्यालाही ते ठाऊक असायला हवे.

कापसाचेही असेच झाले. अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५० टक्क्यांवर नेले. कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. नेमके हेच महिने नांदेड जिल्ह्यातल्या वेचणीचे. वॉशिंग्टनमध्ये घेतलेला निर्णय भोकर आणि हिमायतनगरच्या शेतात पोहोचतो तो असा.

यातून विक्रीसाठी पाळायच्या चार गोष्टी:

• शुल्काची एक बातमी ऐकून सगळा माल एकदम विकू नका किंवा एकदम अडवूनही ठेवू नका. तेलाच्या शुल्काबरोबर पेंडीचा भाव विचारा. आडत्याला रोज दोन्ही माहीत असतात.

• हमीभावाच्या खरेदी केंद्रावर वेळेत ऑनलाइन नोंदणी करा. त्यासाठी सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी आणि ती ई-पीक पाहणीतून होते. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये, तुरीचा ८,००० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० रुपये जाहीर झाला. ज्याच्या पिकाची नोंद नाही, त्याच्यासाठी हे आकडे कागदावरच राहतात.

• सोयाबीन वाळवून न्या. सरकारी खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४ मध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, पण दर वर्षी तसे होईल हे गृहीत धरू नका.

• पैशाची निकड आहे आणि भाव पडला आहे, अशा वेळी बाजार समितीची शेतमाल तारण कर्ज योजना पाहा. राज्य पणन मंडळाच्या या योजनेत सोयाबीन, तूर, हरभरा अशा मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. आपल्या समितीत ती चालू आहे का, हे हंगामाआधीच विचारून ठेवा.

शुल्क दर्जाची हमी का देत नाही

आता खरेदीकडे वळू. शुल्क आणि दर्जा या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे खेळण्यांच्या उदाहरणावरून सगळ्यांत स्पष्ट होते. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये आयात खेळण्यांचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे ६७ टक्के नमुने चाचणीत नापास झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचे मूळ शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. त्यामुळे परदेशी खेळणी महागली, इथल्या कारखान्यांना जागा मिळाली. पण महागलेल्या खेळण्याचा रंग विषारी आहे की नाही, हे शुल्क विचारत नाही. त्यासाठी वेगळा आदेश काढावा लागला. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. परदेशी कारखान्यालाही ते चिन्ह घेतल्याशिवाय इथे माल विकता येत नाही.

दुकानात 'इंपोर्टेड आहे' हे वाक्य अजूनही दर्जाच्या हमीसारखे वापरले जाते. या वाक्यातून फक्त माल कुठून आला एवढे कळते. तो कोणत्या कसोटीतून गेला, हे त्याच्यावरची खूण सांगते.

आठवडी बाजारापासून मॉलपर्यंत: काय घेताना काय पाहावे

*खाद्यतेल.* देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. पाम इंडोनेशिया-मलेशियाहून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलहून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. त्यामुळे परदेशी तेल टाळणे शक्यही नाही आणि गरजेचेही नाही. गरजेचे आहे ते पाकीट वाचणे. समोर शेंगदाण्याचे किंवा करडईचे चित्र आणि मागे बारीक अक्षरात मिश्र खाद्यतेल, असे असेल तर त्यात कोणते तेल किती टक्के, हे लिहिणे बंधनकारक आहे आणि अशा मिश्र तेलाला ॲगमार्कही लागतो. खाद्यतेल सुटे विकण्यावर अन्नसुरक्षा नियमांत बंदी आहे. तरी गावोगाव पिंपातून तेल मोजून दिले जाते. त्यात काय मिसळले आहे हे वासाने किंवा रंगाने ओळखता येत नाही आणि त्रास झाला तर दाद मागायला हातात कागद नसतो. घाण्याचे तेल हवे असेल तर आपली करडई, आपले शेंगदाणे घेऊन जा आणि समोर गाळून घ्या.

वजनही पाहा. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पण बाजारात तशाच आकाराची ८५० किंवा ८०० ग्रॅमची पाकिटेही असतात आणि ती स्वस्त वाटतात. पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत छापलेली असते. दोन कंपन्यांची तुलना त्या आकड्यावर करा.

*डाळ आणि बेसन.* निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या मातीतल्या मालाची ही मोठी ओळख आहे आणि नेमकी म्हणूनच तिच्या नावाने दुसरी डाळ विकली जाण्याचा धोकाही आहे. परदेशी तूर इथल्या मिलमध्ये भरडली की पाकिटावर मिलचे नाव येते, तुरीचा देश दिसेलच असे नाही. ती डाळ वाईट असते असेही नाही. पण बोरसुरीचा भाव मोजत असाल तर शेतकरी गटाचे किंवा उत्पादक कंपनीचे नाव, पत्ता आणि मानांकनाची खूण असलेले बंद पाकीटच घ्या.

बेसनाबाबत अधिक सावध राहा. पिवळा वाटाणा ८ डिसेंबर २०२३ पासून शुल्कमुक्त येत होता आणि तो हरभऱ्यापेक्षा बराच स्वस्त पडत होता. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क लागले. स्वस्त वाटाण्याचे पीठ हरभऱ्याच्या बेसनात मिसळले तर डोळ्यांना कळत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे हरभऱ्याची डाळ घेऊन गिरणीवर दळून आणणे. सुट्या तूरडाळीत लाखेची डाळ मिसळलेली आहे का, हे मात्र पाहून कळू शकते. तुरीचा दाणा गोलसर असतो, लाखेचा चौकोनी, तिरप्या कडांचा.

*खेळणी.* माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत लेकरांचे डोळे ज्या पालांवर खिळतात, तिथली पुष्कळ खेळणी कसल्याही खुणेविना असतात. यात्रेत मुलाला नाही म्हणणे कठीण, हे खरे. म्हणून निदान एवढे पाळा: तीन वर्षांखालच्या मुलासाठी सुटे बारीक भाग, बटणासारखी बॅटरी किंवा लोहचुंबक असलेले खेळणे घेऊ नका. उग्र वास येणारे मऊ प्लास्टिक आणि नखाने खरवडताच रंग निघणारे खेळणे तर कोणत्याच वयासाठी नको. लेकरू खेळणे तोंडात घालणारच आणि रंगातले शिसे त्याच्या मेंदूपर्यंत जाऊ शकते. दुकानातून घेताना आयएसआय चिन्ह पाहा. चिन्हाच्या वर आयएस ९८७३ किंवा विजेच्या खेळण्यासाठी आयएस १५६४४ हा मानक क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल या अक्षरांपुढे परवाना क्रमांक. नुसते चिन्ह आहे आणि क्रमांक नाही, तर ते चिन्ह कोणीही छापलेले असू शकते.

*चार्जर, पॉवर बँक, एलईडी दिवे.* या मालाला मानक ब्युरोच्या नोंदणीची खूण लागते. तीत मानक क्रमांक आणि 'आर' या अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. चार्जरसाठी मानक आयएस १३२५२. ही खूण नसलेला चार्जर उशीजवळ रात्रभर लावून ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. आपल्याकडे विजेचा दाब कमी-जास्त होत राहतो, त्यामुळे खेड्यात हा धोका शहरापेक्षा मोठा आहे. हेल्मेटवरही खूण पाहा. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय चिन्हाशिवायचे हेल्मेट विकता येत नाही, तरी रस्त्याकडेला ते सर्रास मिळते.

हे सगळे क्रमांक तपासायला मानक ब्युरोचे 'बीआयएस केअर' हे मोफत ॲप आहे. परवाना किंवा नोंदणी क्रमांक टाकला की कंपनीचे नाव, पत्ता, कोणत्या वस्तूसाठी परवाना आहे आणि तो चालू आहे का, हे दिसते. ॲपमधले नाव आणि पाकिटावरचे नाव जुळले पाहिजे. घरातल्या शाळकरी मुलाला हे काम द्या. ते दोन मिनिटांत करील आणि आयुष्यभर करत राहील.

*सौंदर्यप्रसाधने आणि खाऊ.* परदेशी क्रीम, लिपस्टिक, केसांचा रंग यांना केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची नोंदणी लागते. डबीवर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयातदाराचे नाव-पत्ता हवाच. गोरे करणाऱ्या क्रीमवर हे दोन्ही नसेल तर ते कितीही स्वस्त असले तरी हात लावू नका. अशा बेनामी क्रीममध्ये पारा आढळल्याची उदाहरणे आहेत आणि पारा मूत्रपिंडावर घात करतो. परदेशी चॉकलेट, बिस्किटांवर आयातदाराचा पत्ता, चौदा आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी खूण असते. ही माहिती वेगळ्या स्टिकरवर असणे कायदेशीर आहे. मात्र मूळ तारखेवर दुसरी तारीख चिकटवलेली दिसली तर ते पाकीट परत ठेवा.

मोबाइलवरून मागवताना

आता अर्धापूरच्या किंवा औशाच्या घरातही वस्तू मोबाइलवरून मागवली जाते. तिथे ती हातात घेऊन पाहता येत नाही, म्हणून कायद्याने माहितीची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू कोणत्या देशाची, विक्रेता कोण, त्याचा पत्ता काय, परतीच्या अटी कोणत्या, हे पानावर दिसले पाहिजे. देशाचे नाव नाही किंवा विक्रेत्याचे नुसते टोपणनाव आहे, अशी वस्तू मागवू नका. मागवण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करा. तक्रारीत या दोन गोष्टी सगळ्यांत उपयोगी पडतात.

पाकीटबंद आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठीचा फोन एवढे असायलाच हवे. यातला आयातदाराचा पत्ता सगळ्यांत मोलाचा आहे. चीन किंवा व्हिएतनाममधल्या कारखान्यापर्यंत आपला हात पोहोचत नाही, आयातदारापर्यंत पोहोचतो.

फसलात तर

सगळ्यांत आधी, बिल. पक्के बिल, दुकानाचे नाव आणि तारीख असलेले. 'बिल घेतले तर जीएसटी लागेल' हे ऐकून पन्नास रुपये वाचवणारा ग्राहक दाद मागण्याचा हक्कच दुकानात ठेवून येतो. लहान खरेदीवरही बिल मागा आणि वस्तूची वेष्टने निदान महिनाभर जपून ठेवा.

वस्तू सदोष निघाली तर पायऱ्या अशा:

१. दुकानदाराला आणि वेष्टनावरच्या तक्रार क्रमांकावर लेखी कळवा. संदेश चालतो, नुसते तोंडी चालत नाही.

२. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येते. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात.

३. खाण्याच्या वस्तूची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. आपणही नमुना तपासून घेऊ शकतो. त्यासाठी खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसे सांगावे लागते आणि शुल्क भरावे लागते. नमुना सदोष ठरला तर ते शुल्क परत मिळते. वजन-मापाची आणि छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतल्याची तक्रार वैधमापनशास्त्र कार्यालयाकडे. खोट्या आयएसआय चिन्हाची तक्रार बीआयएस केअर ॲपवरूनच करता येते.

४. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तो नांदेडला आहे, लातूरलाही आहे. २०१९ च्या कायद्याने आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. कंपनी मुंबईची असो की आयातदार चेन्नईचा, खटला आपल्या जिल्ह्यात चालतो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची.

याच कायद्यात आणखी एक महत्त्वाची तरतूद आहे. सदोष वस्तूने इजा झाली आणि ती वस्तू बनवणारा कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यापर्यंत कायदा पोहोचत नसेल, तर भरपाईची जबाबदारी विक्रेत्यावर येते. आयात करणारासुद्धा या कायद्यात विक्रेताच धरला आहे. हे ग्राहकाइतकेच दुकानदारानेही ध्यानात ठेवावे. गंजगोलाईतल्या किंवा वजिराबादमधल्या ज्या व्यापाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या नाव कमावले, त्याने ठोक बाजारातून खुणेविना माल आणून ते नाव पणाला लावू नये. माल घेताना आयातदाराचे बिल आणि परवान्याची प्रत मागून घेणे त्याच्याच हिताचे आहे.

एकट्याने नव्हे, मिळून

एका ग्राहकाने खूण विचारली तर दुकानदार दुर्लक्ष करील. त्याच दुकानात आठवड्यात वीस जणांनी विचारली तर पुढचा माल खूण पाहूनच येईल. लातूर आणि नांदेड या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत महिला बचत गटांचे मोठे जाळे आहे. दिवाळीचे तेल, डाळ, मुलांच्या वस्तू गटाने एकत्र घेतल्या तर ठोक भाव मिळतो, एकच पक्के बिल मिळते आणि परवाना क्रमांक तपासायला एक मोबाइल पुरतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आपली डाळ, हळद, करडईचे तेल नाव-पत्ता, वजन, परवाना यांसह नीट बंद पाकिटात विकले तर गावातला पैसा गावात राहतो आणि परदेशी मालाशी स्पर्धा शुल्काच्या भरवशावर न राहता दर्जावर होते.

शुल्क आज वाढेल, उद्या घटेल. ते ठरवताना दिल्लीला शेतकरी, गिरणीवाला आणि शहरातला ग्राहक या तिघांकडे पाहावे लागते आणि परदेशांशी चाललेल्या बोलण्यांकडेही. त्या निर्णयावर आपला ताबा थोडा. हमीभावाची नोंदणी, वाळवलेला माल, पाकिटावरचा पत्ता, परवान्याचा क्रमांक आणि हातातले बिल यांवर मात्र आपला पुरता ताबा आहे. पुढच्या बाजारापासून एवढे सुरू करा: घेतलेल्या प्रत्येक वस्तूचे बिल मागा आणि लेकरांसाठी घेतलेल्या प्रत्येक वस्तूवरची खूण दुकानातच तपासा.